तापातला पहारेकरी

हिवताप मी दोनदा भोगला आहे. चार गोधड्या घेऊनही दात वाजत, मग अंग भट्टीसारखे तापे. एवढ्या आगीत तो मेला जंतू जळून खाक होत असेल, असे मी मनाचे समाधान करून घेई.

पण जंतू पक्का! रक्तातल्या तांबड्या पेशीत तो बिऱ्हाड थाटतो आणि सुमारे ४८ तासांनी, पिल्लावळ वाढली की, पेशी फोडून बाहेर पडतो. आपल्याला ताप भरतो तो तेव्हाच.

उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते. ती सावरणारी प्रथिने बहुतेक सर्व जिवांजवळ असतात. धग लागताच त्यांची जनुके जागी होतात. रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने १९६२ साली हे फळमाशीत दाखवले. निमित्त काय, तर कुणीतरी ऊबपेटीचे तापमान चुकून वाढवले होते!

आपल्या शरीरात या जनुकांना हाक देणारा जो कारभारी आहे, तो हिवतापाच्या जंतूत नाहीच. मग हाक देतो कोण? फॅल्सिपेरम या घातक जातीतला हा पहारेकरी बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०२१ साली हुडकला. 'एपी२-एचएस' नावाचे ते प्रथिन. ते काढून टाकलेल्या जंतूंना ४१.५ अंशांची धग तीन तासही सोसवेना, बहुतेक मेले.

म्हणजे माझी समजूत अगदीच खोटी नव्हती. आग पुरेशी होती. पहारेकरी जागा होता, इतकेच! तेव्हा वाचकहो, तापाच्या भरवशावर पडून राहू नका. आधी रक्त तपासून घ्या.