'निगेटिव्ह' झाला, पण हृदयाचे काय?

कोरोनाच्या काळात आपल्या घराघरांत एक शब्द कायमचा मुक्कामाला आला : 'निगेटिव्ह'. अहवाल निगेटिव्ह आला की आप्तेष्टांचा जीव भांड्यात पडे आणि सरकारी आकडेवारीत माणूस 'बरे झालेले' या रकान्यात जाई. विषाणू गेला, हे खरे. पण जाताना तो हृदयाचे काय करून गेला, हे विचारायचे राहूनच गेले. माझ्या मते, आपल्या भंडारा जिल्ह्यात तो प्रश्न आजही विचारला पाहिजे.

कोरोना म्हणजे फुफ्फुसांचा आजार, ही आपली समजूत. ती अर्धीच खरी आहे. या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्तात गुठळ्या होऊ लागतात, क्वचित हृदयाचा स्नायूच सुजतो किंवा ठोक्यांची लय बिघडते. म्हणून तर गंभीर रुग्णांना प्राणवायूच्या जोडीला हेपारिनची इंजेक्शने द्यावी लागली. २०२० साली रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरोना बळावतो, अशी आवई उठली होती. गोळ्या परस्पर बंद करू नका, असे हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी तेव्हाच बजावले आणि पुढच्या चाचण्यांत तेच खरे ठरले. उलट, ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर लोकांनी भिस्त ठेवली, तिचा कोरोनावर उपयोग तर झाला नाहीच. हृदयाची लय बिघडण्याचा धोका मात्र होता.

हा धोका आजाराबरोबर संपत नाही. २०२० साली बाधित झालेल्या ब्रिटनमधील रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा वाढीव धोका तीन वर्षांपर्यंत दिसला आणि रुग्णालयात राहावे लागलेल्यांत तो अधिक होता. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. कोरोनासाठी रुग्णालयात दाखल झालेले असणे आणि एकाएकी अतिश्रमाचा व्यायाम करणे, या दोन्हींशी त्या मृत्यूंचा संबंध आढळला. लसीने मात्र धोका वाढला नव्हता, उलट कमीच झाला होता.

आता आपला जिल्हा पाहा. हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून चिखलात राबायचे. मग धाप लागली तर अशक्तपणा, छातीत दुखले तर गॅस! बाईमाणूस तर दुखणे अंगावरच काढते. आणि झटका आलाच, तर धाव नागपूरकडे. भंडाऱ्याहून ते साठेक किलोमीटर. लाखांदूरकराला त्याहून कितीतरी लांब. झटक्यात मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशीच ही गत!

यावर उपाय अवाढव्य नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतला ईसीजी हवा, तो फोनवरून तज्ज्ञाला दाखवण्याची सोय हवी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तालुक्यातच मिळायला हवे. मोठ्या इमारतीआधी आपण लोकप्रतिनिधींकडे हे मागावे.

घरच्यांच्या हातातही काही आहे. कोरोनात प्राणवायू लागला होता, त्यांचा रक्तदाब आणि साखर नियमित तपासा. धाप, धडधड, पायांवर सूज यांपैकी काही असेल, तर ईसीजी आणि इको करून घ्या. कपाटातली ती जुनी फाईल डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी विचारले नाही, तरी ठेवा. छातीत दुखू लागले, तर ओव्याची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवा.