सागापलीकडचे लाकूड

देव्हारा करवून घ्यावा म्हणून लाकडाच्या वखारीत गेलेल्या गृहस्थाला आज पहिला प्रश्न येतो तो जातीचा नव्हे, देशाचा. ‘घाना दाखवू, बर्मा दाखवू, की सीपी?’ तिन्ही सागच. ‘सीपी’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. ते नाव १९५० साली नकाशावरून गेले आणि चंद्रपूर-गडचिरोलीची राने १९६० पासून महाराष्ट्राची झाली. वखारीच्या बोलीत मात्र अल्लापल्लीचा साग अजून जुन्याच प्रांताचा रहिवासी आहे. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी ‘बर्मा’ या शब्दाचा दिमाख उतरलेला नाही. आणि घानाचा साग म्हणाल तर तो मुळात आपल्या व ब्रह्मदेशाच्या बाजूचाच वृक्ष. आफ्रिकेत त्याच्या लागवडी झाल्या, आणि आता तो जहाजात बसून परदेशी पाहुणा म्हणून माहेरी येतो!

सागाच्या कुळाची एवढी चौकशी करणारे आपण इतर लाकडे मात्र साफ विसरलो आहोत. पूर्वीच्या सुताराला ‘लाकूड’ असा एकच शब्द पुरत नसे. चाकाला व औताला बाभूळ, गाडीच्या दांड्याला चिवट तिवस, जेवणाच्या पाटाला हलकी आणि न वाकणारी शिवण, झोपाळ्याला शिसव, कोकणातल्या देवळांच्या कोरीव खांबांना फणस, असा प्रत्येकाचा मान ठरलेला होता. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते रंध्याखालच्या भुशाच्या वासात होते, आणि बापाकडून मुलाकडे जात होते. आज मुलगा प्लायवुडवर सनमायका चिकटवितो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईकच ते मागते.

सावंतवाडीची गोष्ट पाहा. तेथील चितारआळीत जी रंगीत फळे आणि खेळणी विकली जातात, ती परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडाची. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ‘कठीण’ समजले जाते. त्या न्यायाने पांगाराही कठीण, मग नखाने त्यावर ओरखडा का उठेना! पण हलकेपणा आणि मऊपणा हेच तर खेळण्याला हवे असलेले गुण. मिरजेच्या सतारीची दांडी तुणीच्या लाकडाची. सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद सर्वांना झाला. परंतु मानांकनाचा कागद सतारीच्या नावाचे रक्षण करतो, तुणीच्या झाडाचे नव्हे. तुणीची किंवा पांगाऱ्याची लागवड हा आपल्या वननियोजनाचा विषय कधी झाला काय?

झाला तो सागाचा. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र राने काढून त्या जागी सागाच्या लागवडी उभ्या केल्या. साग विकला जातो, हे त्यामागचे सरळ गणित. दुसरीकडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, फणस, तिवस, ऐन, किंजळ यांचा समावेश असल्याने स्वतःच्या बांधावरचे झाड तोडण्यासही शेतकऱ्याला परवानगी लागते. हा कायदा अनाठायी होता असे मुळीच नाही. १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर हवाच होता; तो नसता तर आज वादाला राने तरी उरली असती की नाही, कोण जाणे. पण जे झाड लावले असता म्हातारपणी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते झाड शहाणा शेतकरी लावीत नाही. रक्षणाचा कायदा असा नकळत लागवडीच्या आड येतो.

कोणी म्हणेल, दोन-चार कारागिरांसाठी कायदे बदलावयाचे काय? बांबूसाठी बदललेच ना! नोव्हेंबर २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. बांधावर लावलेल्या तिवस-फणसाची नोंद लावतानाच करून पुढे ती तोडीच्या वेळी ग्राह्य धरणे, हे त्याहून सोपे काम आहे. शासकीय आगारांत लिलाव होतो तो ढिगांचा. ढीग उचलण्याची ऐपत ठेकेदाराची असते. सतार करणाऱ्याला वर्षाकाठी लागणारे चार चांगले ओंडके ठरलेल्या दराने वेगळे विकण्यास तिजोरीला कोणती तोशीस पडणार आहे?

आणि आपण, शिक्षक आणि कारकून मंडळी, काय करतो? वनमहोत्सवात मादागास्करचा गुलमोहर लावतो, कारण तो लवकर फुलतो. पांगाराही फुलतो, आणि तोही लालभडक. त्याला रोपवाटिकेचीसुद्धा गरज नाही. पानमळेवाले आधारासाठी लावतात तशी त्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर शाळेच्या कुंपणालगत रोवली, तरी ती जीव धरते.