हात लावू दे तिला!



गेल्या महिन्यात सूनबाईने नातीसाठी एक खोकं मागवलं. ‘सेन्सरी प्ले किट’, म्हणजे बाळाच्या इंद्रियांना चालना देणारी खेळणी. नात चौदा महिन्यांची, किंमत २,२०० रुपये. मी पडले बी.कॉम., त्यामुळे आधी बिल वाचलं, मग माल मोजला. प्लास्टिकचे सहा चमचे, दोन वाट्या, एक चाळणी, मऊ-खरखरीत कापडाचे चार तुकडे आणि रंगवलेल्या तांदळाची पिशवी. नात अर्धा तास खेळली, मग रांगत स्वयंपाकघरात आली आणि माझी पिठाची चाळणी ओढून बसली. अर्ध्या तासात शंभर टक्के घसारा!

आता तुम्ही म्हणाल, “आजकालच्या सुना!” थांबा. तिला खोकं मागवावं का लागलं? कारण घरातल्या खऱ्या चाळणीवर माझा पहारा होता. “हात लावू नकोस. पसारा करू नकोस. सांडशील.” दिवसभर माझं हेच चालू. आणि पोर रडायला लागली की तिच्या हातात मोबाईल देणारीही मीच. दोष सुनेचा नाही, आपल्या पिढीच्या आज्यांचा आहे. आपल्याला नातवंडांपेक्षा ओटा चकचकीत हवा.

पाठशाळेत आपण इंद्रियं कोणत्या क्रमाने पाठ केली? स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू, कर्ण. स्पर्श पहिला; एकेंद्रिय जीवालाही तेवढा असतोच. बाळाकडे बघा, तेही वस्तू आधी चाचपतं, मग तोंडात घालतं. आपण मात्र पहिली तीन गाळून एकदम चौथं आणि पाचवं देतो. मोबाईलला वास नाही, चव नाही, आणि चित्र हत्तीचं असो की फुलाचं, बोटाला लागते ती काचच. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. आपल्याला ते आधीच कळायला हवं होतं.

“मग काय अन्नाशी खेळू द्यायचं?” नाही. इथे मी जुन्या वळणाचीच आहे. तांदूळ रंगवून चार दिवसांनी केरात टाकणं हा अन्नाचा अपमान आहे. ओलसर राहिले तर त्यात किडे होतात, ती हिंसा वेगळी. पण खेळायला धान्यच कशाला हवं? पितळी वाटी गार लागते, लाकडी लाटणं लागत नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा मऊ, नारळाची करवंटी खरखरीत. कोथिंबीर निवडताना एक काडी तिच्या नाकाशी धरा. पोळी लाटताना तिचा हात धरून एक छोटी पोळी लाटा आणि भाजून तिच्याच ताटात वाढा. कणभरही वाया जात नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं आणणं शक्य नव्हतं. त्यांनी शिंपले, दगड, पानं, बिया यांवर काम भागवलं. ती मुलं आपल्या नातीपेक्षा मोठी होती, पण शहाणपण तेच.

खेळू द्या म्हणजे मोकाट सोडा, असं नव्हे. इथे आपला यत्नाचार उपयोगी पडतो. शेंगदाणे, फुटाणे, मणी, बटणं, नाणी इतक्या लहान मुलांच्या हाती नकोतच, श्वासनलिकेत अडकतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातही नकोत. पोटात गेले की आतड्यात फुगून बसतात. पाण्याशी खेळायचं तर पातेल्यात दोन बोटं पाणी पुरे, तेही गाळलेलं, आणि आपण शेजारी बसून. एवढ्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं. खेळ झाला की ते पाणी लगेच कुंडीत.

परिग्रह कमी करा, असं आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी येऊन वाटी-चमच्याचं नवं खोकं उघडतो. घरात चार चाळण्या असताना पाचवी प्लास्टिकची का?

आमच्या ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा आता नातीचा आहे. परवा मी सामायिकाला बसले होते, सूनबाई तिच्याजवळ होती. ४८ मिनिटांपैकी निम्मा वेळ वाटीवर झाकण आपटणं चालू होतं. माझं चित्त ढळलं, खोटं कशाला सांगू! पण उठल्यावर झाकण काढून घेतलं नाही. मोबाईल मात्र कपाटात ठेवला.

तुमच्याही ओट्याखालचा एक कप्पा आजच रिकामा करा. काचेचं, धारदार, टोकदार सगळं वर ठेवा. आणि पसारा झाला तर सुनेला बोलू नका, स्वतः आवरा.