घरच्यांचे रक्तगट वहीत नकोत

दहावीला आनुवंशिकता आणि बारावीला तिचाच विस्तार शिकवताना आपल्या शाळेत वर्षानुवर्षे एक गृहपाठ दिला जातो. आई, वडील, आजी, आजोबा, भावंडे यांचे रक्तगट विचारून या आणि वहीत तक्ता काढा. मुलांना हा गृहपाठ आवडतो, कारण त्यात पाठांतर नसते. तरीही नव्या सत्रापासून तो बंद करावा असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे शिक्षक, पालक व विश्वस्त मंडळ या सर्वांपुढे मांडणे आम्हास योग्य वाटते.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी पुस्तके ज्याला आनुवंशिकता म्हणतात ती आम्ही 'वंशागति' म्हणून शिकलो आणि रक्तगटाला 'रक्त समूह' म्हणत आलो. शब्द निराळे असले तरी फळ्यावरचा तक्ता एकच. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे १९०१ मध्ये रक्ताचे गट दाखवून दिले. हे गट पिढीजात उतरतात हे १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी सिद्ध केले. नेमके कसे उतरतात, याचे कोडे १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन यांनी सोडवले. ते गणितज्ञ होते, हे गणिताचा कंटाळा असणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे!

त्यांचे उत्तर असे की एकाच जागेवरच्या जनुकाची ए, बी आणि ओ अशी तीन रूपे आहेत. प्रत्येकाकडे त्यातील दोन असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ए आणि बी दोन्ही आपला प्रभाव दाखवतात, ओ मात्र झाकला जातो. म्हणून बी गटाच्या आईवडिलांना ओ गटाचे मूल होऊ शकते. एक पालक ए आणि दुसरा बी असेल तर चारही गट संभवतात. एक पालक एबी आणि दुसरा ओ असेल, तर या नियमाने मूल ए किंवा बी असते, म्हणजे ते ना आईच्या गटाचे ना वडिलांच्या. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे 'हा कुणावर गेला?' असे थट्टेने विचारणारे नातलग प्रत्येक घरात भेटतात. आरएचचेही तसेच. आईवडील दोघे पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह असणे अगदी शक्य आहे.

दोन्ही पालक ओ, तर मूल ओ, असा नियम मुले पाठ करतात. परीक्षेपुरता तो ठीक आहे. पण घरून आणलेल्या तक्त्यात एखादे नाव या नियमात बसले नाही, तर पंधरा वर्षांचे मूल त्यातून काय अर्थ काढेल? आणि शेजारच्या बाकावरचा मित्र ते मधल्या सुट्टीत कसे सांगेल? दत्तक मुलाला घरी अजून काही सांगितलेले नसेल, तर ते सांगण्याची वेळ विज्ञानाच्या वहीने ठरवावी का?

शिवाय तक्ता न जुळण्याची कारणे पुष्कळदा नात्यात नसतातच. सर्वांत साधे कारण म्हणजे सांगितलेला गट चुकीचा असणे. नवजात बाळाच्या पेशींवर ए आणि बी यांच्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात. बाळाची स्वतःची प्रतिद्रव्येही काही महिन्यांनंतर तयार होतात, त्यामुळे पडताळणीचा दुसरा भाग त्या वेळी करता येत नाही. प्रसूतिगृहाच्या चिठ्ठीवरचा गट म्हणूनच पुढे एकदा तपासून घ्यावा लागतो. ए गटाचे काही दुर्बळ प्रकार आहेत. ते साध्या तपासणीतून निसटले तर एबी माणसाच्या नावापुढे बी लिहिले जाते.

दुसरे कारण दुर्मिळ आहे, पण आपल्या जवळचे आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच गट नोंदवला, त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. ए आणि बी या खुणा 'एच' नावाच्या पदार्थावर चढतात. एच ही खुंटी समजा. खुंटीच नसेल तर सदरा टांगायचा कशाला? एच तयार करणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि ए, बी, ओ यांचे नवव्यावर. एचच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या माणसाकडे बीचे जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो. त्याची पत्नी खरोखर ओ असली तरी त्यांचे मूल बी असू शकते, कारण आईकडून एचची चांगली प्रत मिळाली की बी पुन्हा दिसू लागतो. भारतात असे लोक सुमारे दहा हजारांत एक असल्याचे मानले जाते. त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही, केवळ बॉम्बे गटाचेच लागते. हे उदाहरण कोणत्याही घरगुती तक्त्यापेक्षा अधिक शिकवते.

आमच्या काही शिक्षकांचे म्हणणे असे की स्वतःच्या घरचे उदाहरण नसेल तर धडा कोरडा होतो. त्यात तथ्य आहे. पण दहावीच्या पुस्तकातलाच प्रश्न घ्या: वडील ए, आई ओ, मुलगी ओ, एवढ्यावरून प्रभावी कोण हे सांगता येईल का? येत नाही. ए प्रभावी मानला तरी हे कुटुंब बसते आणि ओ प्रभावी मानला तरी बसते. या प्रश्नावर वर्गात पूर्ण तासभर वाद घालता येतो, आणि त्यासाठी कुणाच्या घरात डोकवावे लागत नाही.

आता थोडे पालकांसाठी. वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जात नाडीच्या शेजारी रक्तगटाचा रकाना असतो, आणि एकच गट म्हणजे एकच नाडी, म्हणून संतती सदोष, असे सुशिक्षित मंडळीही सांगतात. याला शास्त्राचा काहीच आधार नाही. भारतात ओ आणि बी या दोन गटांतच निम्म्याहून अधिक लोक आहेत. पत्नी आरएच निगेटिव्ह व पती पॉझिटिव्ह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मूल पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात, ते १९६८ पासून उपलब्ध आहे. एवढ्यासाठी स्थळ नाकारू नये.

विचारायचेच असेल तर थॅलेसेमिया आणि सिकल सेलबद्दल विचारा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक दिसायला धडधाकट असतो. सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आपल्यातील काही घराण्यांत आहे. अशी लपलेली जनुके जवळच्या नात्यात एकत्र येण्याचा संभव वाढतो. अर्जात यासाठी मात्र रकाना नसतो.

शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट छापावा की नाही, असेही काही पालकांनी विचारले आहे. रुग्णालय ओळखपत्र पाहून रक्त चढवत नाही, नव्याने गट तपासून व रक्त जुळवूनच देते. रक्तदाते शोधण्यास मात्र त्याचा उपयोग होतो, म्हणून रकाना राहील. प्रयोगशाळेचा अहवाल असेल तरच तो भरावा, आठवणीवरून किंवा भावंडांच्या गटावरून भरू नये. अहवाल नसल्यास रकाना कोरा ठेवून अर्ज वर्गशिक्षकांकडे द्यावा.