ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये म्हणजे भीक, असं आपल्यातले पगारदार सहज बोलून जातात. सदर बाजारातल्या एखाद्या खालाला विचारा. तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्याच पैशातून येतात. सीपीआरमध्ये तपासणी होते, पण रांगेत बुडालेला रोज कोण भरून देणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. पुढे विधवा आणि घटस्फोटितांना दाखला जोडायची मुभा मिळाली. पण नवऱ्यानं नुसतंच टाकून दिलेल्या बाईनं कसला दाखला आणायचा? एका दमात दिलेला तलाक २०१९ च्या कायद्यानं रद्दबातल आहे. मग त्याचा कागद कोण देणार?

मी सॉफ्टवेअर लिहितो. खरा वापरणारा अडला, तर आम्ही चूक फॉर्मची मानतो. इथं बाईच अपात्र ठरते. हप्ता थांबला की आधी गोळ्या थांबतात.

सरकारी पगार घेऊन हप्ता लाटणारे जरूर वगळा. पण टाकलेल्या बाईसाठी अंगणवाडी सेविकेची घरभेट पुरावा धरा. आणि दोस्तांनो, जुम्म्यानंतर तासभर मोहल्ल्यात बसू. थांबलेल्या प्रत्येक हप्त्याचा लेखी अर्ज देऊ, पोच घेऊ.