पेटीतला फोटो



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून पेट्या भरायला सुरुवात होते. कुणी पुसदला, कुणी यवतमाळ-अमरावतीला, कुणी नांदेडला शिकायला निघते. यंदा आमच्या घरची पेटी निघाली. मुलीला नांदेडला प्रवेश मिळाला आणि कॉलेजच्या होस्टेलमध्ये खाटही मिळाली. मी ऑफिसात एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि आम्ही तिघे उमरखेडहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. मायलेकींचे तिकीट अर्धे, माझे तेवढे पूर्ण. पैनगंगेचा पूल ओलांडला तशी मुलीच्या आईने खिडकीकडे तोंड फिरवले. मीही काही बोललो नाही.

खोली पाहून मात्र तिला राहवले नाही. "एवढ्याशा खोलीत तिघी?" ती म्हणाली. खोली असेल दहा बाय दहाची. तीन लोखंडी खाटा, भिंतीत तीन खणांचे कपाट, एक पंखा, एक ट्यूबलाइट, एक खिडकी. दोन मुली आमच्या आधीच आल्या होत्या. आईने पेटी उघडली. चादर, बादली, जवसाच्या चटणीची बरणी, शेंगदाण्याचे लाडू असे एकेक बाहेर निघाले. सर्वांत खाली, टॉवेलात गुंडाळलेला बाबासाहेबांचा छोटा फोटो होता. मुलीने तो हातात घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "राहू दे बेटा पेटीतच. आधी ओळखी होऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिले. "बाबा, घरी भिंतीवर आणि इथं पेटीत?"

वाचकहो, माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते. आज सांगतो.

मी बी.कॉम. करत होतो तेव्हा मला होस्टेल मिळाले नाही. भाड्याने खोली शोधली. घरमालकाने आडनाव विचारले, मी अर्धेच सांगितले. माझा फोटो वर्षभर पेटीत राहिला. मित्र आले तर मी त्यांना दारातच "जयभीम मोठ्याने नको" म्हणून बजावत असे. पुढे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत घरमालकाने मला निळा झेंडा घेऊन चालताना पाहिले. दुसऱ्या दिवशी खोली खाली करावी लागली, तीही परीक्षेच्या तोंडावर. खोली गेल्याचे दुःख विसरलो. पण वर्षभर मी स्वतःच्याच खोलीत चोरासारखा राहिलो, ते अजून विसरलो नाही.

बाबासाहेबांनाही खोलीने कमी छळले नाही. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही. जागा बदलत शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत ते राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली. तेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते पारशांच्या एका मुक्कामघरात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशातल्या खोलीत पारशी मित्र भेटला, आणि आपल्या देशात नाव बदलूनही खोली टिकली नाही!

यातून ते काय शिकले? १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय निघाले, तेव्हा खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी तिथे वसतिगृहेही उभी राहिली. नुसती शाळा पुरत नाही. रात्री अभ्यासाला दिवा आणि निजायला हक्काची जागाही लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. खोली लहान आहे म्हणून मुलांसमोर हळहळू नका. आपल्यापैकी कित्येकांनी एका खोलीच्या घरात, सगळे निजल्यावर अभ्यास केला आहे. मुलीला स्वतःची खाट आणि स्वतःचा खण मिळतो, ही लहान गोष्ट नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या चार-चार प्रती सोबत द्या आणि मूळ कागद जपून ठेवा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर हातपाय गाळू नका. २०१६-१७ सालापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटीत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जेवणाचे, राहण्याचे व निर्वाहाचे पैसे जमा होतात. समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा. अर्जाची तारीख चुकवू नका. तारीख चुकली की किती धावाधाव होते ते आम्ही कारकून रोज पाहतो.

आणि एक करा. पेटीत सगळे भरा, पण आपली भीती भरू नका. मी ती भरली होती.

मुलीने फोटो टेबलावर ठेवला. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई पाहत होती. "आडनाव काय तुमचं?" तिने विचारले. मी बोलण्याआधी मुलीने पूर्ण नाव, पूर्ण आडनाव सांगितले. बाई "बरं" म्हणाल्या आणि आपल्या मुलीची चादर अंथरू लागल्या. त्या "बरं"चा अर्थ परतीच्या एस.टी.त मी उमरखेडपर्यंत लावत बसलो.

आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. फोटोचे मी विचारण्याआधीच ती आईला म्हणाली, "आई, जवसाची चटणी संपली. तिघींनी मिळून संपवली. आता मोठी बरणी पाठव."

त्याच दिवशी घरात जवस भाजायला घेतले.

जयभीम.