विश्लेषण : बोटीचा आकार संगणक ठरवेल, पण अटी कोण घालणार?

राजापूर तालुक्यातील नाटे आणि लगतचे साखरीनाटे हा मासेमारीचा पट्टा. बोट समुद्रात गेली की मासळी मिळो न मिळो, डिझेल जळतेच. किती जळेल हे इंजिनाबरोबरच बोटीच्या पाण्याखालील आकारावरही ठरते. हा आकार गणिताने सुधारता येतो. हे ज्ञान छोट्या मच्छीमारांच्या कामी यायला हवे.

आकारामुळे डिझेल कसे वाचते?

बोटीला पाण्याचा विरोध मुख्यतः दोन प्रकारे होतो : तळाशी होणारे घर्षण आणि बोटीमुळे उठणाऱ्या लाटा. वेग १० टक्के वाढवायचा तर ढोबळमानाने ३३ टक्के जास्त शक्ती लागते. नाळ आणि तळाचा आकार सुधारला की हा विरोध घटतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये आणलेल्या ‘सागर हरिता’ या मासेमारी बोटीत इंधन वाचवण्यासाठी नाळेला पाण्याखाली फुगीर भाग दिला होता.

संगणक नेमके काय करतो?

तळाचा आकार शेकडो बिंदूंनी मांडला जातो. एकेक बिंदू हलवून पाहायचा तर १०० बिंदूंसाठी प्रवाहाचे गणित १०० वेळा करावे लागेल. फ्रेंच गणितज्ञ ऑलिव्हिए पिरोनो यांनी १९७०च्या दशकात यावर वाट दाखवली. अँटनी जेम्सन यांनी १९८८ मध्ये ती विमानाच्या पंखांसाठी वापरली. प्रवाहाचे एक गणित आणि त्याला जोडलेले एक उलटे गणित, एवढ्यावर प्रत्येक बिंदू कुठे सरकवावा हे कळते. मग आकार थोडा बदलायचा आणि पुन्हा मोजायचे.

मग अडचण कुठे?

संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. फक्त ‘विरोध कमी कर’ म्हटले तर तो बोट अरुंद करत जाईल, आणि अशी बोट लाटेत कलंडेल. नाळेचा फुगीर भागही ठरावीक वेगात आणि भारातच उपयोगी पडतो; एरवी विरोध वाढूही शकतो. जाताना बर्फ-डिझेल किती, येताना मासळी किती, जाळे ओढताना वेग किती, ओहोटीला खाडीच्या मुखाशी पाणी किती, हे तांडेलालाच ठाऊक असते.

काय करायला हवे?

फायबरची बोट साच्यातून निघते. साच्यातली चूक त्यातून निघणाऱ्या प्रत्येक बोटीत उतरते, तशीच सुधारणाही. म्हणून गणित साच्याआधी व्हावे. एकट्या बोटमालकाला हा खर्च परवडणार नाही. तो सरकारी संशोधन संस्थांनी उचलावा आणि तयार आराखडे सर्वांना खुले करावेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्याला असतात. तेव्हा तज्ज्ञांनी तांडेल आणि बोट बांधणाऱ्या मिस्त्रींसोबत बसून अटींची यादी करावी. ती यादी हाती आल्यावरच संगणक सुरू करावा.